फायर पॅनल पण कॉम्प्युटरच आहे राव

जहाजाची इंजिन रूम यूएमएसवर (म्हणजे माणसाविना चालणाऱ्या मोडवर) टाकली की रात्री खाली कोणीच नसतं, ड्युटी इंजिनिअर केबिनमध्ये बिनधास्त झोपतो ते फायर डिटेक्शनच्या, म्हणजे आगीचे डिटेक्टर आणि ते ज्याला जोडलेत त्या फायर पॅनलच्याच भरवशावर. डिटेक्टर वाजला आणि २ मिनिटांत ब्रिजवरून (जहाज जिथून चालवतात तिथून) कोणी अ‍ॅक्नॉलेज केलं नाही, तर क्रूच्या अकोमोडेशनमध्ये आपोआप बोंब उठते, नियमच आहे तसा. आणि सायबर सिक्युरिटीचा विषय निघाला की सगळे फिशिंग मेल आणि जीपीएस स्पूफिंगवर (खोट्या जीपीएस सिग्नलवर) बोलणार, पॅनलकडे कोणी बघत पण नाही.

मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या सिसा या सायबर सुरक्षा बघणाऱ्या सरकारी एजन्सीने कन्सिलियम सेफ्टी या कंपनीच्या सीएस५००० फायर पॅनलबद्दल अ‍ॅडव्हायजरी काढली. त्यात एक तर डीफॉल्ट अकाउंट, जे बदलता येतं पण तपासलेल्या एकाही पॅनलवर कोणी बदललेलं नव्हतं (मी ईटीओ, म्हणजे जहाजावरचा इलेक्ट्रिकल ऑफिसर आहे, मला यात काडीचंही नवल वाटलं नाही). दुसरं त्याहून भारी. लांबून स्क्रीन चालवायला जे व्हीएनसी असतं त्याचा पासवर्ड सॉफ्टवेअरमध्येच लिहून ठेवलेला आणि तो बदलायची सोयच नाही, म्हणजे ज्याला माहीत झाला तो नेटवर्कवरून पॅनल बंदही पाडू शकतो. गंभीरता १० पैकी ९.८! कंपनीचं म्हणणं, या मॉडेलला फिक्स काढणार नाही, नवीन पॅनल घ्या.

आता कोणी म्हणेल भर समुद्रात पॅनलपर्यंत पोचणार कोण. अहो पॅनल एकटं असतं कुठे, व्हीडीआरला (जहाजाच्या ब्लॅक बॉक्सला) डेटा देतं, अलार्म सिस्टिमला देतं, आणि पोर्टमध्ये सर्व्हिसवाला येऊन स्वतःचा लॅपटॉप सरळ लावतो, आदल्या दिवशी तो कुठल्या जहाजावर लावला होता हे कोणी विचारत नाही.

आयएसीएस या जहाजं तपासणाऱ्या संस्थांच्या संघटनेचे सायबर सिक्युरिटीवरचे ई२६ आणि ई२७ नियम आलेत, फायर डिटेक्शन त्यात धरलंय, पण ते १ जुलै २०२४ पासून करार झालेल्या नवीन जहाजांना. जुनी जहाजं अजून कितीतरी वर्षं चालणार, आणि पॅनल बदलायचा खर्च मागितला की ऑफिसचं उत्तर ठरलेलं, पुढच्या ड्रायडॉकला (जहाज दुरुस्तीला पाण्याबाहेर घेतील तेव्हा) बघू.

तोपर्यंत निदान वॉच बदलताना पॅनलवरची डिसेबल्ड झोनची (डिटेक्टर बंद ठेवलेल्या भागांची) यादी उघडून बघा. वेल्डिंगसाठी बंद केलेला झोन चालू करायचा राहून जातो हे तर नेहमीचंच, आणि कोणी बाहेरून मुद्दाम बंद केला असेल तर तोही बहुतेक तिथेच दिसेल.