डॅशपॉटमध्ये कोणतं तेल?

जुन्या अँबॅसडरच्या एस.यू. बनावटीच्या कार्ब्युरेटरवर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागावर, एक छोटी टोपी असते. ती फिरवून उचलली की तिच्याबरोबर एक बारीक दांडी वर येते आणि आत तेलाची जागा दिसते, तीच डॅशपॉट. तेल लागतं जेमतेम चमचाभर. पण त्या चमचाभर तेलावरून जुन्या गाड्यांच्या हौशी मंडळींत असे काही तट पडतात, की रॅली सुटायची वेळ झाली तरी बॉनेट खाली येत नाही.

एक तट म्हणतो, गाडीच्या पुस्तकात २० ग्रेड (तेलाच्या दाटपणाचा आकडा) लिहिलंय ना, मग २० ग्रेडच. दुसरा म्हणतो, पुस्तक विलायतेच्या हवेसाठी लिहिलंय. नागपूरच्या मे महिन्यात त्या तेलाचं पाणी होतं, इंजिनात आहे तेच २०-डब्ल्यू-५० घाला. मधूनच कोणीतरी शिवणयंत्राचं तेल सुचवतो आणि दोन्ही तट एक होऊन त्याच्यावर तुटून पडतात.

तेलाचं काम तसं एवढंसंच. ॲक्सिलरेटर एकदम दाबला तर कार्ब्युरेटरमधला पिस्टन झटकन वर उडू नये. उडाला, तर क्षणभर हवा जास्त आणि पेट्रोल कमी पडतं, गाडी आचका देते. तेल फार दाट असेल तर पिस्टन वर जायला वेळ लावतो, पेट्रोलचं प्रमाण वाढतं आणि सायलेन्सर काळा धूर ओकतो. साध्या टोपीच्या कार्ब्युरेटरात तेलाची पातळी पिस्टनच्या पोकळ दांड्याच्या तोंडाच्या साधारण अर्धा इंच वर ठेवतात. त्याहून जास्त ओतलेलं इंजिन ओढून घेतं, म्हणजे उदार हाताने ओतल्याचा उपयोग काहीच नाही. आणि आचका देणाऱ्या कितीतरी गाड्यांत ग्रेडचा प्रश्नच नसतो. टोपी उघडून बघावी तर आत खडखडाट.

तेलाचं भांडण मिटलं की पॉइंटचं सुरू होतं. डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटची, म्हणजे ठिणगीसाठी वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या टोकांची, फट १४ ते १६ थाऊ (इंचाचे हजारावे भाग), म्हणजे ०.३६ ते ०.४० मिलिमीटर. फीलर गेजची, म्हणजे फट मोजायच्या पट्ट्यांची, पाती आत सरकताना किंचित अडली पाहिजे. पॉइंटची टाच कॅमवर घासून झिजते, तशी फट कमी होते, ठिणगीचं टायमिंग मागे पडतं आणि चढावर गाडी दमते. म्हणून काही जण आत पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवतात. वरून डिस्ट्रिब्युटरची तीच टोपी, त्याच वायरी, ओळखणारा ओळखतो. जुन्या वळणाच्या लोकांचा आक्षेप सौंदर्याचा असेल असं वाटतं, पण तो घाटातला असतो. पॉइंट काळे पडले तर काडेपेटीच्या बाजूवर घासूनही गाडी घरापर्यंत येते. इलेक्ट्रॉनिक डबी गेली की सगळा कारभार आटोपला. समोरून उत्तर येतं की पॉइंट ठीक असले तरी त्यांच्या जोडीचा कंडेन्सर तापून त्याच घाटात दगा देतो, त्याला कोणती काडेपेटी लावाल? दोन्ही मुद्दे खरे आहेत. माझं मत विचाराल तर इलेक्ट्रॉनिक बसवा आणि पॉइंट-कंडेन्सरचा जुना संच डिकीत ठेवा. या मतावर दोन्ही तट सारखेच नाराज होतात.

टायरचंही तसंच. ५.९०-१५ मापाचे मूळ क्रॉसप्लाय (आतले धागे एकमेकांवर तिरके) की रेडियल (धागे सरळ आडवे)? क्रॉसप्लाय शोभतात, पण गाडी महिनाभर उभी राहिली की एका जागी चपटे होतात आणि पहिले काही किलोमीटर गाडी धडधडत जाते. रेडियल रस्ता धरून ठेवतात, पण पार्किंग करताना स्टिअरिंग ओढायला दंड लागतात. एकाच ॲक्सलवर दोन जातीचे टायर लावू नयेत, आणि दोन्ही वापरायचेच असतील तर रेडियल मागे. एवढ्यावर मात्र सगळ्यांचं एकमत आहे.

खरा कज्जा आहे तो ‘मूळ’ कशाला म्हणायचं याचा. विलायतेतले जुने क्लब १९१९ ते १९३० मधल्या गाडीलाच व्हिंटेज म्हणतात. आधीची एडवर्डियन, १९०४ पर्यंतची व्हेटरन. आपल्याकडे केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमानुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली गाडी व्हिंटेज. नव्याने नोंदवली तर नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं, नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. म्हणजे कुर्ल्यात बनलेली १९७४ सालची प्रीमियर पद्मिनीसुद्धा कायद्याने व्हिंटेज, आणि विलायती व्याख्येचा माणूस हे ऐकून कपाळाला हात लावतो. नियमाची दुसरी अट आणखी खुसखुशीत आहे: गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नको. मग मघाची इलेक्ट्रॉनिक डबी मोठी की छोटी? बसा आता.

गाडीवाल्यांपेक्षा विमानवाल्यांचे वाद जास्त सभ्य वाटतात, कारण ते आकडे घेऊन भांडतात. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणलं ते पस मॉथ या छोट्या विमानातून. १९८२ साली त्याच दिवशी, वयाच्या ७८ व्या वर्षी, त्यांनी कराची-मुंबई उड्डाण पुन्हा केलं. ‘त्याच विमानातून’ असं कोणी बोलून गेलं की मागून आवाज आलाच म्हणून समजा: ते लेपर्ड मॉथ होतं! दोन्ही डी हॅविलँडची, दोन्ही वर पंख असलेली, पण बरोबर ते बरोबर.

त्यांचा जुना आणि गोड वाद उतरतानाचा आहे. वेग कशाने सांभाळायचा आणि उंची कशाने? सेस्ना १७२ हे छोटं विमान घेऊन तुम्ही ६५ नॉट वेगाच्या आसपास धावपट्टीकडे येताय आणि खाली पडत चाललाय. एक मास्तर सांगतो: नाकाने वेग, थ्रॉटलने (इंजिनाचा जोर कमी-जास्त करणाऱ्या दांड्याने) उंची; तेव्हा थ्रॉटल पुढे. दुसरा सांगतो: नाक धावपट्टीवरच्या ठरलेल्या बिंदूवर रोखून ठेव आणि वेग थ्रॉटलने धर. पहिल्याचं म्हणणं संथ वेगात जीव वाचवणारं आहे. वेग फार उतरलेला असताना उंची मिळवायला नाक वर ओढलं की हवेचा अडथळा वाढतो आणि विमान आणखी वेगाने खाली जातं. दुसऱ्याचं म्हणणं मोठ्या जेटमध्ये रोज चालतं: नाक ठरलेल्या उताराच्या रेषेवर आणि वेग आपोआप चालणाऱ्या ऑटोथ्रॉटलच्या हवाली. शिवाय जेट इंजिन आयडलवरून पूर्ण जोर धरायला काही सेकंद घेतं, त्यामुळे थ्रॉटल आयत्या वेळी आठवून भागत नाही. वैमानिकाचे दोन्ही हात प्रत्यक्षात एकाच वेळी हलतात. थ्रॉटल एकूण ऊर्जा ठरवतो, आणि त्यातली उंचीला किती, वेगाला किती ही वाटणी नाक करतं. हे दोन्ही मास्तरांना मान्य असतं. वाद उरतो तो शिकाऊ माणसाला आधी कोणतं वाक्य सांगायचं, एवढ्यापुरता, आणि त्यावर चहाचे कितीही कप रिकामे होऊ शकतात.

गाडीवाले आणि विमानवाले एकत्र बसले तर ‘स्टॉल’ या शब्दावर अडतात. गाडी स्टॉल झाली म्हणजे इंजिन बंद पडलं. विमान स्टॉल झालं तेव्हा इंजिन छान गुरगुरत असू शकतं. पंख वाऱ्याला फार तिरका झाला, साधारण १५ अंशांच्या पुढे, आणि वरचा प्रवाह सुटला. बातमीत हे उलटं छापून आलं की विमानवाला पेन काढतो.

पेन काढणाऱ्यांची मूळ जमात मात्र तिसरी, व्याकरणवाल्यांची. त्यांची अडचण अशी की इंजिन सुरू होऊन किंवा विमान नीट टेकून निकाल लागत नाही. चुकीच्या ऱ्हस्व-दीर्घाने कुणाचं काही अडत नाही, त्यामुळे सामना कधी संपतच नाही. शुद्धलेखनाचे नियम आहेत, मराठी साहित्य महामंडळाचे १४, शासनाने ते १९६२ साली मान्य केले, १९७२ साली चारांची भर पडून १८ झाले. इथेही ‘मूळ रूप’ आहेच. त्याआधीची पुस्तकं ‘नांव’, ‘पांच’, ‘केलें’ अशी टिंबांनी भरलेली. पहिल्या नियमांनी न उच्चारली जाणारी टिंबं काढून टाकली. आज ‘घरात’ म्हणजे एका घरात आणि ‘घरांत’ म्हणजे अनेक घरांत. जुन्या पुस्तकात मात्र एकाच घरातला माणूसही ‘घरांत’ बसलेला असतो. क्रॉसप्लायवाल्यासारखा एखादा जुना लेखक अजून ‘नांव’ लिहितो आणि त्यात त्याचा दिमाख असतो.

सर्वांत रंगतदार भांडण पाटीवरचं: प्राणिसंग्रहालय की प्राणीसंग्रहालय? नियमवाला सांगतो की मूळ संस्कृत शब्द प्राणिन्, समासात न् जातो आणि ऱ्हस्व इ उरते. म्हणून मंत्रिमंडळ, विद्यार्थिगृह, गुणिजन. विरोधक विचारतो, वाघ बघायला आलेल्याने संस्कृतचं नकारान्त प्रातिपदिक कुठून शोधायचं? मराठीत शब्द ‘प्राणी’ आहे, त्याला ‘संग्रहालय’ जोडलं, संपलं. नियमवाल्याच्या बाजूने एवढंच म्हणता येतं की ‘मंत्रिमंडळ’ छापील वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षं ऱ्हस्वच दिसतं आणि डोळ्याला मुळीच खटकत नाही. तरी मी पाटीवाल्याशी भांडायला जाणार नाही. (हा लेख ‘असते’, ‘केले’ ऐवजी ‘असतं’, ‘केलं’ असा लिहिलाय, यावरही एक स्वतंत्र तट आहे. त्यांचा निरोप पोचला असं समजावं.)

अर्धा र मात्र सोडून देण्यासारखा नाही. ‘आचार्यांना’ जेवायला बोलावलं तर गुरुजन येतात, ‘आचाऱ्यांना’ बोलावलं तर स्वयंपाक होतो. दर्या आणि दऱ्या यांत तर कोकण आणि सह्याद्रीएवढं अंतर. संगणकावर हा आडवा र दोन तऱ्हांनी उमटतो. एक: इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून जे, मग डी, मग य, म्हणजे टिंबवाला ऱ, हलन्त, य. दोन: साधा र, हलन्त, न दिसणारं एक जोडचिन्ह, मग य. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, पण आत दोन वेगळे शब्द. त्यामुळे दोघांनी मिळून टंकलेल्या मजकुरात ‘दुसऱ्या’ शोधलं तर एकाचेच सापडतात आणि दुसऱ्याचे तसेच राहतात. छापायला देण्याआधी दुसऱ्या तऱ्हेचे सगळे र शोधून पहिल्या तऱ्हेत बदलून घ्यावेत. कोणती तऱ्हा ठेवायची याचा वाद नंतर घालता येतो.