एकच स्पेन, दोन वेगळ्या इटली: मधल्या फळीच्या अभ्यासाची नोंद

फुटबॉलच्या युरो २०१२ स्पर्धेतले स्पेन-इटलीचे दोन्ही सामने या खेपेला कागदावर उतरवून झाले. पहिला १० जूनचा, ग्दान्स्कमधला गट सामना, १-१ असा बरोबरीत सुटलेला. दुसरा १ जुलैची कीव्हमधली अंतिम लढत, स्पेननं ४-० अशी जिंकलेली. जोडी मुद्दाम निवडली. स्पेनचे प्रशिक्षक व्हिसेंते देल बोस्के यांनी दोन्ही सामन्यांत सुरुवातीला तेच अकरा जण उतरवले होते. बदलली ती इटली. त्यांचे प्रशिक्षक चेझारे प्रांदेल्ली यांनी ग्दान्स्कला ३-५-२ मांडलं, म्हणजे तीन बचावपटू, मधल्या फळीत पाच आणि पुढे दोन, आणि कीव्हला चार बचावपटूंपुढे मधल्या फळीतल्या चौघांचा डायमंड, म्हणजे हिऱ्यासारखा चौकोन. एक बाजू तीच आणि समोरची मांडणी वेगळी, असा योग फार क्वचित जुळून येतो.

पाहण्याची पद्धत आता बरीच पक्की झाली आहे. आवाज बंद ठेवायचा. स्पेनच्या मागच्या फळीकडून मधल्या फळीत पास गेला की चित्र थांबवायचं आणि दोनच गोष्टी लिहायच्या: चेंडू घेणाऱ्याच्या अंगावर कोण धावून गेलं, आणि त्याची रिकामी झालेली जागा कोणी भरली. कोण कुठे उभं आहे याचे ठिपके मी काढत नाही. रचनेचे आकडे चेंडू हलेपर्यंतच खरे असतात. अंगावर कोण जाणार, हा प्रश्न मात्र नव्वद मिनिटं सुटत नाही. अडचण एकच, कॅमेरा चेंडूच्या जवळ गेला की बचावफळी चौकटीबाहेर जाते. अशा वेळी मी अंदाजानं भरत नाही, रकाना कोरा सोडतो.

ग्दान्स्कच्या कागदावर सर्वांत जास्त वेळा आलेलं नाव दानिएले दे रॉस्सीचं. हा मूळचा मिडफिल्डर, त्या दिवशी तिघांच्या बचावफळीत मधोमध. स्पेननं हक्काचा स्ट्रायकर खेळवलाच नव्हता, सेस्क फाब्रेगास फॉल्स नाइन म्हणून, म्हणजे स्ट्रायकरच्या जागी उभा राहून मधल्या फळीत येणारा गडी म्हणून, पुढे होता आणि सारखा खाली उतरत होता. दोनच सेंटर बॅक (मधले बचावपटू) असले की इथे पेच पडतो: त्याच्यामागे गेलं तर पाठीमागे भगदाड, थांबलं तर तो मधल्या फळीत चौथा गडी होऊन मोकळा फिरतो. दे रॉस्सीला हा पेच पडत नव्हता. तो बेधडक पुढे यायचा, कारण मागे बोनुच्ची आणि किएल्लिनी होतेच. त्याच्यापुढे पिर्लो, मार्किसियो आणि तियागो मोत्ता हे तिघं, समोर बुस्केट्स, अलोन्सो आणि शावी. मध्यभागी माणसाला माणूस मिळत होता.

कडेचा हिशेब मला त्याहूनही आवडला. सिल्व्हा आणि इनिएस्टा दोघंही आत येऊन खेळणारे, त्यामुळे मैदान रुंद करायचं काम अर्बेलोआ आणि जॉर्डी अल्बा या फुल बॅकवर, म्हणजे कडेच्या बचावपटूंवर, पडायचं. इटलीच्या माज्जियो आणि जाक्केरिनी या विंग बॅकनी, म्हणजे पाच जणांच्या फळीतल्या कडेच्या दोघांनी, त्यांनाच मागे रेटलं. स्पेनचा खेळ अरुंद झाला आणि गर्दीत शिरला.

६१व्या मिनिटाचा गोल मी पुन्हा पुन्हा पाहिला. पिर्लो बुस्केट्सला चकवून पुढे निघतो. ती एक रेषा ओलांडल्याबरोबर स्पेनच्या बचावपटूंना ठरवावं लागतं की पुढे यायचं की मागे सरायचं. ते ठरेपर्यंत पास निघालेला असतो आणि नुकताच मैदानात आलेला दी नाताले स्पेनच्या गोलरक्षक कासियासला हरवतो. तीनच मिनिटांत सिल्व्हाच्या पासवर फाब्रेगासनं बरोबरी साधली, तीही मागून धावत आत शिरून. म्हणजे तिघांची फळीही अभेद्य नव्हतीच.

आता कीव्ह. डायमंडमध्ये पिर्लो तळाशी, मार्किसियो आणि दे रॉस्सी दोन बाजूंना, टोकावर मोंतोलिव्हो. कागदावर मध्यभागी चार माणसं, म्हणजे ग्दान्स्कपेक्षा एक जास्त. तरीही शावी जास्त मोकळा सापडतो. याचं उत्तर माझ्या मते कडेला आहे. डायमंडला रुंदी नसते. अल्बा पुढे आला की त्याला अडवायला डायमंडच्या बाजूच्या माणसाला बाहेर पळावं लागतं, आणि तो गेला की आतलं दार उघडं. तो आतच थांबला तर अल्बाला धावायला अख्खी कड मोकळी.

४१व्या मिनिटाला नेमकं हेच दिसतं. अल्बा डावीकडून आत शावीला पास देतो आणि थांबत नाही. शावीच्या अंगावर वेळेत कोणी येत नाही, त्यामुळे त्याला मान वर करून पाहायला सवड मिळते. तोवर अल्बा वेगात सगळ्यांना मागे टाकत बचावपटूंच्या मधून निघालेला असतो. पास अचूक त्याच्या वाटेत पडतो आणि डाव्या पायानं चेंडू इटलीच्या गोलरक्षक बुफोनला चकवून जाळ्यात. एका फुल बॅकचा गोल, पण त्याचं मूळ मधल्या फळीत कोणी कोणाला सोडलं यात आहे.

४-० या आकड्यावर मात्र मी निष्कर्ष काढणार नाही. किएल्लिनी पूर्वार्धातच दुखापतीमुळे बाहेर गेला. तिसरा आणि शेवटचा बदली खेळाडू म्हणून आलेला मोत्ता काही मिनिटांतच जायबंदी झाला आणि इटलीला उरलेला सामना दहा जणांत काढावा लागला. टोरेस आणि माटाचे गोल त्यानंतरचे. शिवाय इटलीची उपांत्य लढत स्पेनच्या एक दिवस नंतर झाली होती, विश्रांती तेवढी कमी. म्हणून माझा हिशेब मोत्ता बाहेर पडेपर्यंतचाच, तिथवर २-०.

एक प्रश्न अजून उघडा आहे. कीव्हमधल्या पहिल्या गोलच्या वेळी फाब्रेगास मध्यात नसून उजवीकडून गोलरेषेपर्यंत घुसला होता, त्याच्या पासवर सिल्व्हानं हेडर मारला. फॉल्स नाइन खाली येण्याऐवजी कडेला गेला तर त्याच्यावर कोणी जायचं? सेंटर बॅकनं की फुल बॅकनं? यासाठी पुढचा सामना ठरवला आहे: २ मे २००९, रेआल माद्रिदचं मैदान बर्नाबेऊ, रेआल माद्रिद २, बार्सिलोना ६. तिथे बार्सिलोनाचा मेस्सी मध्यात आला आणि एतो उजवीकडे सरकला. माद्रिदचे सेंटर बॅक कान्नाव्हारो आणि मेट्झेल्डर यांच्यापैकी एक जण मेस्सीमागे गेला की ऑन्री आणि एतो त्या जागेत किती लवकर शिरतात, ते आता टिपायचं आहे.