सोप्यावरच्या तिघी

गेल्या श्रावणातली दुपार. पाऊस नुकताच उघडला होता. आई बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीत, सोप्याच्या बाकावर पाय पसरून बसलेली आणि मी चहाचा कप घेऊन खांबाला टेकलेला. अचानक तिनं पाय आखडून घेतले. गोव्याच्या कदंब बसमध्ये शेजारी कुणी बसायला आलं की आपण अंग चोरतो ना, अगदी तसे. सोप्यावर तर कुणीच नव्हतं.

"कोण आलं गं?"

"कोण येणार?" ती म्हणाली, पण जरा घाईनंच.

चार दिवस पिच्छा पुरवला तेव्हा बोलली. तिघी बायका येतात. लाल काष्टीचं लुगडं, नाकात नथ, केसांत जायांची फाती, म्हणजे जाईचा गजरा. येतात, बसतात, जातात. तोंडातून शब्द नाही. "खऱ्या नाहीत, कळतं मला. एवढी जायांची फाती माळलेली बाई हाताच्या अंतरावर बसली, तर वास नको यायला?" मग आतापर्यंत गप्प का होतीस? "वेड लागलं म्हणाल." कधीपासून दिसतात? "शिगम्यापासून."

म्हणजे पाच महिने. एक्याऐंशी वर्षांची, मराठी शाळेत तीस वर्षं मुलांना शिकवलेली बाई पाच महिने रोज परक्या बायकांना जागा करून देत होती आणि आम्हाला पत्ता नव्हता.

शेजारच्या काकींचं निदान तयार होतं : राखणदार, म्हणजे जागेची राखण करणारा देव. बायकोला देवळात कौल लावावासा वाटला, तिनं तो लावलाही. मी अडवलं नाही. मला वेगळ्याच गोष्टीची धास्ती होती. स्मृतिभ्रंशाची सुरुवात अशीच होते, असं कुठंतरी वाचलेलं डोक्यात घोळत होतं.

आईचे डोळे दोन वर्षांपूर्वीच बिघडलेत. दृष्टिपटलाचा मधला भाग वयानं झिजतो, त्याला मॅक्युलर डिजनरेशन म्हणतात. पहिली तक्रार तिनं डोळ्यांची नव्हे, सुताराची केली होती : "न्हाणीच्या दाराची चौकट वाकडी बसवलीय मेल्यानं." चौकट सरळ होती. फ्रिजवर डॉक्टरांनी दिलेला चौकड्यांचा कागद चिकटवलाय, मधोमध एक ठिपका. एक डोळा झाकून ठिपक्याकडे बघायचं. रेषा नागमोडी दिसल्या की समजायचं, काहीतरी बिनसलंय. आता आईला तो ठिपकाच दिसत नाही. कडेचं दिसतं. म्हणून ती माझ्याशी बोलताना माझ्या कानाकडे बघते.

डॉक्टरांकडे गेलो. मी घसा खाकरून सुरुवात करणार तोच त्यांनी तिलाच विचारलं, "आजी, नसलेलं काही दिसतं का हो? माणसं, फुलं, नक्षी?" आईच्या खांद्यांवरून ओझं उतरलेलं मी बघितलं. या प्रकाराला नाव आहे, चार्ल्स बॉने सिंड्रोम. १७६० मध्ये जिनिव्हाच्या या निसर्गअभ्यासकानं आपल्या आजोबांची हकीकत लिहून ठेवली. मोतीबिंदूनं नजर गेलेली, डोकं मात्र ठणठणीत; आणि त्यांना माणसं, पक्षी, घोडागाड्या, इमारती दिसायच्या. १९९८ साली लंडनच्या संशोधकांनी अशा रुग्णांचे मेंदू स्कॅन केले. ज्याला रंग दिसत होते त्याचा रंग ओळखणारा भाग जागा होता. ज्याला चेहरे, त्याचा चेहरे ओळखणारा. डोळ्याकडून काही येत नसतानाही.

मी पणजीत एका मराठी दैनिकात मुद्रितशोधक आहे, त्यामुळे मला हे माझ्या पद्धतीनं कळलं. पुरवणीचा मजकूर वेळेत आला नाही म्हणून पान कोरं छापत नाहीत. डेस्कवर असेल ते लावतात. जुना फोटो, राखून ठेवलेला लेख, काहीही. आईचा डेस्क नथ आणि जायांची फाती लावतो. बालपण जायांच्या फुलांसाठी ओळखल्या जाणाऱ्या म्हार्दोळच्या परिसरात गेलेल्या बाईकडे राखीव साठा दुसरा कसला असणार?

(हा माझा तर्क. डॉक्टर म्हणाले की दिसणारी माणसं बहुतेक वेळा अनोळखीच असतात, त्यांचा आयुष्याशी संबंध लावू नका. मी तरीही लावतोय.)

नजर शाबूत असलेल्यांचंही फार वेगळं नाही. कागदावर सात सेंटिमीटर अंतरानं एक फुली आणि तिच्या उजवीकडे एक ठिपका काढा. डावा डोळा झाका, उजव्यानं फुलीकडेच बघत राहा आणि कागद वीतभर अंतरावरून थोडा मागंपुढं करा. एका जागी ठिपका नाहीसा होतो. तिथं डोळ्यातून बाहेर पडणारी नस आहे, प्रकाश टिपणाऱ्या पेशी नाहीत. ठिपका रेघांच्या वहीत काढलात तर गंमत आणखी वाढते : ठिपका जातो आणि त्याच्या जागी सलग रेघ दिसते. भोक दिसत नाही. एवढा खड्डा आपण जन्मभर नजरेत वागवतो आणि कधी ठेच लागत नाही.

मला मात्र लागते, पगारच त्याचा घेतो. एका निवडणुकीला मी 'शांततेत मतदान' असं मोठ्या टायपातलं शीर्षक तीनदा तपासलं. सकाळी घरी अंक उघडला तर 'शांतेत मतदान'. तो 'त' मी तिन्ही वेळा बघितला होता, शपथेवर सांगेन. मला काम शिकवणारे म्हातारे गृहस्थ शीर्षक उलटं वाचायला लावायचे, शेवटच्या अक्षरापासून पहिल्याकडे. अर्थ लागेनासा झाला की अक्षरं दिसायला लागतात. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकातच सांगितलं होतं की बघणं म्हणजे नकळत केलेलं अनुमान. आमच्या म्हाताऱ्यांनी हे नाव ऐकलं असण्याची शक्यता शून्य.

आता आईनं जुळवून घेतलंय. तिन्हीसांजेला, घर सामसूम असताना, वीज गेलेली असताना त्या हमखास येतात. डॉक्टरांनी सांगितलं तसं ती मान न हलवता डोळे झपाझप डावीकडे-उजवीकडे फिरवते, किंवा आम्हाला दिवा लावायला सांगते. कधी जातात, कधी नाही. कौलाचा प्रसाद उजवा पडला होता, त्यामुळे बायकोही निश्चिंत आहे.

हे सगळं लिहून झाल्यावर काल आईला वाचून दाखवलं. सुताराच्या जागी हसली. हेल्महोल्ट्झपाशी जांभई दिली. शेवटी म्हणाली, "तिघी नव्हे रे, चौघी. चौथीला बसायला जागा नसते, म्हणून ती खांबापाशी उभी असते. तू टेकतोस ना, तिथंच."