घडी मोडलेली जर्सी

नवा कपडा पहिल्यांदा अंगावर चढवला की आपण म्हणतो, घडी मोडली. आणि एकदा घडी मोडली की दुकानदार तो कपडा परत घेत नाही, वापरलेल्याच्या भावातसुद्धा कुरकुरतो. जुन्या जर्सी जमवणाऱ्यांच्या जगात मात्र हा हिशेब उलटा. पिशवीतून कधीच बाहेर न आलेली जर्सी तिथे एका बाजूला पडून राहते. आधी विचारतात ते हे, की घडी कुणी मोडली? आणि मग, कुठल्या सामन्यात?

इटलीतल्या नापोली या फुटबॉल क्लबची आस्मानी जर्सी असेल तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा एकाच माणसापाशी येऊन थांबतं. अर्जेंटिनाचा दिएगो मॅराडोना १९८४ ते १९९१ अशी सात वर्षं इथे खेळला. १९८७ आणि १९९० ची लीग विजेतेपदं, मधे १९८९ चा युएफा कप, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेचा. क्लबच्या नेपल्स शहरात बार नीलो नावाचं कॉफीचं दुकान आहे, तिथे त्याचा एक केस देव्हाऱ्यात ठेवलेला आहे. केसाची ही पत, तर घामाने भिजलेल्या जर्सीची काय असेल! एवढी मागणी असली की माल बाजारात येतोच. खरा नसेल तर खोटा. म्हणून जर्सीवर काय आहे यापेक्षा काय नाही, इकडे आधी नजर गेलेली बरी.

पाठीवर नाव नाही, हे पहिलं. इटलीच्या सेरी ए लीगमध्ये खेळाडूंची नावं आणि हंगामभरासाठी ठरलेले नंबर १९९५-९६ पासून आले. त्याआधी मैदानात उतरणाऱ्या अकरा जणांना १ ते ११ नंबर मिळत, नाव कुणाचंच नसे. तेव्हा १९८७ ची म्हणून दाखवलेल्या जर्सीच्या पाठीवर ठळक अक्षरांत ‘मॅराडोना’ लिहिलेलं असेल, तर ती हौसेची वस्तू आहे, इतिहासाची नाही. याच नियमाची दुसरी बाजू अनेकांच्या लक्षात येत नाही. नंबर माणसाचा नव्हता, त्या दिवशीच्या संघाचा होता. मॅराडोना खेळत नसेल त्या दिवशी दहा नंबर दुसऱ्या कुणाच्या तरी पाठीवर असायचा. १९८९ मध्ये जियानफ्रांको झोला संघात आला, पुढे दहा नंबरचा वारसाही त्याच्याकडेच गेला. म्हणजे दहा नंबरची, त्याच काळातली, अस्सल आणि सामन्यात घातलेली जर्सीसुद्धा मॅराडोनाची असेलच असं नाही. क्लबने हा नंबर २००० साली निवृत्त केला. पण २००४ च्या दिवाळखोरीनंतर संघ तिसऱ्या पातळीच्या लीगमध्ये गेला, तिथे १ ते ११ सक्तीचे होते, आणि दहा नंबर पुन्हा मैदानात आला. नवा मालक चित्रपट निर्माता, त्यामुळे त्या पहिल्या हंगामात छातीवर त्याच्या सिनेमांची जाहिरात. या गरिबीच्या दिवसांतल्या जर्सींना भाव कमी आणि गोष्ट जास्त.

सगळ्यात गोड चूक स्कुदेत्तोची. स्कुदेत्तो म्हणजे इटलीच्या झेंड्याच्या तीन रंगांची छोटी ढाल. लीग जिंकणारा संघ ती छातीवर लावतो. पण कधी? पुढच्या हंगामात. पेढे निकालानंतर वाटतात, परीक्षेला बसताना नाही. म्हणून पहिलं विजेतेपद ज्या जर्सीत मिळालं, त्या १९८६-८७ च्या जर्सीवर ढाल नाही. ती आहे १९८७-८८ च्या जर्सीवर, आणि शेजारी तीन रंगांचं गोल चिन्हही, कारण १९८६-८७ मध्ये नापोलीने कोपा इतालिया हा लीगपेक्षा वेगळा कपही जिंकला होता. नकली माल करणाऱ्याला ढाल लावल्याशिवाय राहवत नाही. ढाल दिसली की गिऱ्हाईक लवकर गळाला लागतं.

वर्ष ओळखायला छातीवरचे प्रायोजक पुरतात. क्रमाने वाचले तर वाण्याची यादीच वाटते. १९८४-८५ ला चिरिओ, म्हणजे डबाबंद टोमॅटो. १९८५ ते ८८ बुइतोनी, पास्ता. १९८८ ते ९१ मार्स, चॉकलेट. १९९१ पासून वोयेल्लो, पुन्हा पास्ता. त्याच्या जोडीला जर्सी शिवणारी कंपनी पाहायची. पहिल्या वर्षी लिनेया टाइम, नंतर १९९१ पर्यंत एन्नेर्रे, मग अम्ब्रो. एन्नेर्रे म्हणजे ‘एन’ आणि ‘आर’ या अक्षरांचा इटालियन उच्चार. निकोला राकुलिया या कारखानदाराची ती आद्याक्षरं. प्रायोजक आणि कंपनी, दोन्हींची वर्षं जुळली पाहिजेत. बुइतोनी आहे पण खूण अम्ब्रोची, किंवा ‘मॅराडोनाने सामन्यात घातलेली’ म्हणून वोयेल्लोची जर्सी पुढे आली, तर चहा घ्यावा आणि निघावं. वोयेल्लो येईपर्यंत त्याचा नापोलीतला शेवटचा सामना होऊन गेलेला होता.

अलीकडच्या जर्सी ओळखायला सोप्या, जमवायला अवघड. २०२१ पासून क्लबने आर्मानीच्या ईए७ या ब्रँडची खूण घेतली आणि हॅलोविनला वेगळी, नाताळला वेगळी असा सपाटा लावला. सगळ्या घ्यायच्या तर कपाट नाही, खोली लागेल. अलीकडच्यांत एखादीच खरी स्मरणाची, आणि ती ईए७ च्या आधीची. २५ नोव्हेंबर २०२० ला मॅराडोना गेला आणि २९ तारखेला रोमाविरुद्ध संघ अर्जेंटिनासारख्या पट्ट्यांची जर्सी घालून उतरला, ती. तिच्यावर काप्पा या तेव्हाच्या कंपनीची खूण आहे.

सामन्यात घातलेली, सामन्यासाठी काढून ठेवलेली पण न घातलेली, आणि दुकानात विकलेली, या तीन जाती वेगळ्या आहेत. विकणारा मधल्या जातीला हमखास पहिल्या जातीत बसवतो. त्यावर खात्रीचा उपाय म्हणजे फोटोशी ताडणं. प्रायोजकाच्या अक्षराची कड विणीच्या कुठल्या ओळीवर येते, नंबर शिवणीपासून किती दूर आहे, कॉलरची पट्टी कुठे जुळते, धागा कुठे ओढला गेलाय, हे त्या दिवसाच्या मोठ्या, स्वच्छ फोटोत शोधायचं. त्या जमान्यात दोन जर्सी सहसा तंतोतंत सारख्या होत नसत, आणि ती ढिलाईच आज पुरावा ठरते. १९८६ च्या विश्वचषकात इंग्लंडविरुद्ध मॅराडोनाने घातलेली जर्सी मे २०२२ मध्ये ७१,४२,५०० पौंडांना गेली. ती अर्जेंटिनाची, नापोलीची नव्हे, पण धडा तोच. ती पहिल्या अर्ध्यातली आहे, गोलांची नाही, असा आक्षेप त्याच्या घरच्यांनी घेतला होता. लिलाववाल्यांनी फोटोतल्या बारकाव्यांशी ताडून ती गोलांचीच असल्याचं सांगितलं.

सहीचं प्रकरण आणखी नाजूक. भिंगाखाली छापील सहीचे ठिपके दिसतात आणि रेघ सगळीकडे सारखी असते. हाताच्या सहीत शाई धाग्यात मुरते, पेन जिथे थबकला तिथे गडद होते. नक्कल करणारा सावकाश काढतो, म्हणून त्याची रेघ थरथरते. रोज शेकडो सह्या करणाऱ्याची रेघ सुटून जाते. पंचविशीतली सही आणि पन्नाशीतली सही एकसारखी नसते, म्हणून तुलनेला त्याच वर्षांची सही हवी. आणि पुन्हा तारखा: ईए७ च्या जर्सीवर मॅराडोनाची सही असूच शकत नाही. जुन्या नमुन्याच्या नव्या आवृत्तीवर खरी सही असू शकते. ‘सही खरी, जर्सी नवी’ असं सांगून विकणारा प्रामाणिक. सोबतच्या प्रमाणपत्राला भुलू नये. ते छापायला जर्सीपेक्षा कमी खर्च येतो.

कुणाची सही घ्यायचा योग आलाच, तर जर्सीच्या आत पुठ्ठा घालून कापड ताणून धरावं. बारीक टोकाचा काळा पक्का मार्कर. आस्मानीवर निळा पेन म्हणजे पाण्यात पाणी. सही कापडावर घ्यावी, नंबरच्या गुळगुळीत प्लास्टिकवर नको, कारण तिथे शाई वरच राहते आणि बोटाने पुसली जाते. सपाट ठेवून दिवसभर वाळू द्यावी. त्यानंतर ती जर्सी कधीच धुवायची नाही.

सामन्यातली जर्सीही धुवायची नाही. चिखल हाच तिचा दाखला. दुकानातली जुनी जर्सी धुवायचीच असेल तर उलटी करून थंड पाण्यात, सौम्य साबणाने, न पिळता, सावलीत. छपाईवर इस्त्री नको. ऐंशीच्या दशकातल्या काही चकचकीत जर्सी अ‍ॅसिटेटच्या असतात. त्यांच्यावरचा डाग काढायला नेलपॉलिश रिमूव्हर लावला तर डागासकट कापड विरघळतं, कारण अ‍ॅसिटेट अ‍ॅसिटोनमध्ये विरतं. आधी आतली पट्टी वाचावी.

मुंबई, कोकण, गोव्यात ठेवायची तर मोठा शत्रू पावसाळा. प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडते आणि बुरशी धरते. रबरी छपाई घामेजते आणि छातीला छाती लावून ठेवलेल्या दोन जर्सी एकमेकींना अशा चिकटतात, की सोडवताना एकीचं अक्षर दुसरीवर जातं. छपाईच्या मधे आम्लरहित पातळ कागद हवा. लोकरीचं मिश्रण असलेल्या जुन्या जर्सींना कसर लागते. डांबराच्या गोळ्या टाकल्या तरी त्या कापडाला टेकू नयेत. फ्रेम करायची तर अतिनील किरण अडवणारी काच, काच आणि कापड यात बोटभर अंतर, मागच्या बोर्डाला गोंद नाही, चार टाके. बाहेरच्या पावसाचा मारा बसणाऱ्या भिंतीवर टांगू नये आणि खिडकीसमोर तर नाहीच. सहीचा काळा रंग आधी तपकिरी होतो, मग दिसेनासा.

खरं तर फ्रेमपेक्षा पेटी बरी. त्याची रीत आपल्या घरांतून आहेच. पैठणी मलमलीत गुंडाळतात आणि जरीची तार घडीवर तुटू नये म्हणून अधूनमधून घडी बदलतात. जर्सीलाही तेच: धुऊन खळ गेलेलं जुनं सुती कापड, घडीच्या पोटात कागदाची सैल गुंडाळी, आणि पावसाळ्याच्या आधी एकदा, नंतर एकदा घडी बदलायची. नवी घडी मार्सच्या अक्षरांवरून किंवा पाठीवरच्या दहाच्या मधून जात नाही ना, एवढं पाहायचं आणि पेटी लावायची.