सुटल्यानंतर आणि भरतीनंतर कोण बघतं?

इंग्लंडमध्ये शुक्रवारी दुपारी तुरुंगातून सुटणाऱ्या माणसाचा दिवस कसा जातो माहितीये? हातात सामानाची एक प्लास्टिकची पिशवी, खिशात सरकारने दिलेले थोडेसे पौंड (वर्षानुवर्षं ४६ च होते, २०२१ मध्ये कुठे ७६ झाले), आणि त्याच दुपारी प्रोबेशन ऑफिसरला (म्हणजे सुटलेल्यांवर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्याला) जाऊन भेटायचं, कौन्सिलमध्ये, म्हणजे तिथल्या नगरपालिकेत, राहायच्या जागेसाठी रांगेत उभं राहायचं, भत्त्याचा अर्ज करायचा, औषधं चालू असतील तर ती मिळवायची. पाच वाजले की सगळी ऑफिसं बंद ती थेट सोमवारपर्यंत. मग माणूस जातो जुन्या दोस्ताकडे, आणि जुना दोस्त म्हणजे बऱ्याचदा ज्याच्या संगतीत आत गेला तोच. या शुक्रवारच्या सुटकेबद्दल तिथल्या संस्था कितीतरी वर्षं ओरडत होत्या, शेवटी २०२३ मध्ये कायदा झाला की शुक्रवार किंवा सुट्टीच्या तोंडावर सुटका येत असेल तर एक-दोन दिवस आधी सोडता येईल. एवढ्या साध्या गोष्टीला इतका वेळ!

तिथल्या तपासणी खात्यांचे रिपोर्ट मी आवडीने वाचते, कैद्यांचं पुनर्वसन आणि पोलीस दल हे दोन्ही. वरवर बघितलं तर दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण वाचत गेलं की एकच रोग दोन्हीकडे दिसतो. सरकार फाटकापाशी मोजतं. किती सुटले, किती भरती झाले. त्यानंतर त्या माणसाचं काय झालं हे बघायची वेळ आली की जबाबदारी कोणाची तेच कळेनासं होतं.

प्रोबेशनचंच घ्या. २०१४ च्या कायद्याआधी बारा महिन्यांपेक्षा कमी शिक्षा झालेले प्रौढ कैदी सुटले की त्यांच्यावर कुणाची देखरेखच नव्हती, आणि परत गुन्हा करण्यात हेच लोक पुढे. म्हणून कायदा आला की यांच्यावरही सुटल्यावर एक वर्ष देखरेख असणार. हेतू चांगलाच होता, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण त्याच वर्षी सरकारने हे देखरेखीचं काम करणाऱ्या ३५ सार्वजनिक संस्था, म्हणजे प्रोबेशन ट्रस्ट, मोडले, जास्त धोक्याचे गुन्हेगार सरकारी सेवेकडे ठेवले आणि कमी-मध्यम धोक्याचे २१ नव्या कंपन्यांना कंत्राटाने देऊन टाकले. कल्पना अशी की गुन्हे कमी झाले तर जास्त पैसे, नाही झाले तर कापणार. कागदावर झकास दिसतं. प्रत्यक्षात कंपन्यांकडे हिशोबाएवढे लोक आलेच नाहीत, उत्पन्न पडलं, मग त्यांनी माणसं कमी केली, आणि जी उरली त्यांच्या डोक्यावर केसेसचा ढीग. तपासणी करणाऱ्यांना काही ठिकाणी काय आढळलं तर देखरेख म्हणजे साधारण सहा आठवड्यांतून एकदा फोन. फोनवर काय कळणार हो? समोरचा प्यायलाय का, अंगावर वळ आहेत का, घरातून हाकललंय का, यातलं फोनवर काहीही दिसत नाही. "कसं चाललंय?" "बरं चाललंय." झाली देखरेख.

आणि दुसरीकडे, जी माणसं आधी देखरेखीत नव्हतीच ती आता भेट चुकवली म्हणून परत आत जायला लागली. म्हणजे मदतीसाठी केलेला कायदा, मदत करायला माणूस नाही म्हणून नुसता परत आत टाकायचा रस्ता होऊन बसला.

२०१९ च्या मार्चमध्ये तिथल्या नॅशनल ऑडिट ऑफिसने, म्हणजे सरकारी खर्च तपासणाऱ्या संस्थेने, हिशोब मांडला तो बघण्यासारखा आहे. परत गुन्हा करणाऱ्यांचं प्रमाण २०११ च्या तुलनेत अडीच टक्क्यांनी घटलं होतं, मंत्र्याला भाषणात सांगायला छान. पण जे परत गुन्हा करत होते ते सरासरी २२ टक्के जास्त गुन्हे करत होते. एकच आकडा बघितला असता तर योजना यशस्वी म्हणून खपली असती. कंत्राटं मुदतीच्या १४ महिने आधी गुंडाळायचं ठरलं आणि मूळ कंत्राटाप्रमाणे लागले असते त्यापेक्षा किमान ४६.७ कोटी पौंड जास्तीचे मोजावे लागणार होते. त्याच महिन्यात प्रोबेशनच्या मुख्य तपासनीस ग्लेनिस स्टेसी यांनी ही सगळी रचनाच दुरुस्त होण्यापलीकडची आहे असं लिहून टाकलं. २०२१ च्या जूनमध्ये सगळं परत सरकारी सेवेत आलं. सात वर्षं.

मला यातली सगळ्यात जास्त खटकणारी गोष्ट म्हणजे धोक्याचे इशारे आधीपासून दिले जात होते. तपासणी खातं जात होतं, बघत होतं, वर्षानुवर्षं लिहीत होतं. फक्त त्यांनी लिहिलेलं मानायचं बंधन कुणावर नव्हतं. तपासनीस शिफारस करणार, मंत्रालय "आम्ही नोंद घेतलीये" म्हणणार. आणि २०२४ च्या सप्टेंबरमध्ये तुरुंग भरले म्हणून बऱ्याच कैद्यांना अर्ध्याऐवजी ४० टक्के शिक्षा झाल्यावर सोडायला लागले तेव्हा तो सगळा भार परत त्याच आधीच वाकलेल्या प्रोबेशन ऑफिसरांवर पडला.

आता पोलिसांकडे येते.

१९६८ मध्ये सिसलिन फे अॅलन ही नर्स लंडनच्या मेट्रोपॉलिटन पोलिसात पहिली कृष्णवर्णीय महिला अधिकारी म्हणून भरती झाली. सुरुवातीलाच तिला द्वेषाची पत्रं आली, आणि चार वर्षांनी तिने नोकरी सोडली. भरतीच्या आकड्यात ती एक म्हणून मोजली गेली असणार. तिच्यानंतर तीस वर्षांनी, १९९९ मध्ये, स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय तरुणाच्या खुनाच्या तपासावरचा मॅकफर्सन रिपोर्ट आला, त्यात पोलीस दलात संस्थात्मक वंशभेद आहे असं स्पष्ट म्हटलं. मग सरकारने काय केलं, टार्गेट ठरवलं. दहा वर्षांत अल्पसंख्य वंशांचे अधिकारी ७ टक्के व्हायला हवेत. २००९ उजाडलं तेव्हा साडेचारच्याही आतच होते. २०२३ मध्ये आठच्या थोडं वर, आणि लोकसंख्येत मात्र १८ टक्के.

टार्गेट नकोच असं मी म्हणत नाहीये, टार्गेट नसतं तर एवढेही आले नसते. पण आत आलेल्या माणसाला टिकू देतात का हे कुणी बघायचं? २०२३ च्या मार्चमध्ये दलाबाहेरून चौकशीसाठी नेमलेल्या लुईस केसी यांचा मेट्रोपॉलिटन पोलिसांवरचा रिपोर्ट आला, तो वाचताना मला मधेच थांबावं लागलं. एका मुस्लिम अधिकाऱ्याच्या बुटात डुकराचं मांस ठेवलं गेलं. एका शीख अधिकाऱ्याची दाढी कापली. हे गुन्हेगारांनी नाही केलं, सहकाऱ्यांनी केलं, एकाच युनिफॉर्ममधल्या. आणि त्याच रिपोर्टमध्ये आहे की शिस्तभंगाच्या कारवाईत अडकण्याची शक्यता कृष्णवर्णीय अधिकाऱ्यांच्या बाबतीत गोऱ्यांपेक्षा ८१ टक्के जास्त. म्हणजे त्रास द्यायचा, तक्रार केली तर त्यालाच भांडखोर ठरवायचं, आणि मग तो सोडून गेला की म्हणायचं या समाजातले लोक पोलिसात यायला तयारच नसतात.

२०१९ ते २०२३ या काळात इंग्लंड आणि वेल्समध्ये २० हजार पोलीस वाढवायची मोठी मोहीम झाली आणि आकडा गाठला म्हणून जाहीर पण केलं. भरतीचा आकडा बातमी होतो, राजीनाम्याचा आकडा तक्त्यात कुठेतरी तळाला.

मग कुठेच नीट झालं नाही का, तर झालं, आणि तेही जिथे अपेक्षाच नव्हती तिथे. उत्तर आयर्लंडमध्ये, जिथे कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यात कित्येक वर्षं रक्तरंजित संघर्ष चालला होता. लोकसंख्येत ४० टक्क्यांच्या वर कॅथलिक, पोलिसात मात्र जेमतेम ८. तिथल्या पोलीस सुधारणेसाठी नेमलेल्या पॅटन आयोगाने १९९९ मध्ये १७५ शिफारशी केल्या, त्यातली एक म्हणजे भरतीत निम्मे कॅथलिक, निम्मे बाकीचे, आणि तसा कायदाच केला. दहा वर्षांत ८ चे जवळजवळ ३० टक्के झाले. सगळे त्या निम्म्या-निम्म्याच्या नियमाबद्दलच बोलतात, पण माझ्या मते खरी गोम दुसरीकडे आहे. त्यांनी एक देखरेख आयुक्त नेमला, आणि तोही बाहेरचा, न्यूयॉर्क राज्याच्या पोलिसांचे माजी प्रमुख टॉम कॉन्स्टंटाइन. त्या कार्यालयाचं काम एकच, त्या १७५ शिफारशींपैकी कुठली झाली, कुठली अर्धवट आहे, कुठली रखडलीये हे ठरावीक काळाने जाहीरपणे लिहायचं. २००७ पर्यंत असे १९ रिपोर्ट निघाले. "नोंद घेतली" म्हणून सुटका नाही, पुढच्या रिपोर्टमध्ये तीच शिफारस परत उभी.

ते कार्यालय २००७ मध्ये बंद झालं, भरतीचा नियम २०११ च्या मार्चमध्ये संपला. नियम संपून काही दिवस झाले नाहीत तोच ओमा गावात एका तरुण कॅथलिक पोलिसाला त्याच्या गाडीखाली बॉम्ब लावून मारलं. तिथे कॅथलिक मुलाने पोलिसात जायचं म्हणजे काय हे यावरून कळतं, असे काही जण घरच्या पलीकडे कुणाला सांगतसुद्धा नाहीत की आपण काय नोकरी करतो. त्यानंतरच्या वर्षांत कॅथलिकांचा आकडा ३२ टक्क्यांच्या आसपासच अडकून राहिला. लक्ष हटलं की प्रगती थांबते, याचा इतका सरळ पुरावा क्वचितच मिळतो.

म्हणून मला वाटतं की नवीन आयोग नकोत, नवीन घोषणा तर अजिबात नकोत. आहेत त्याच तपासणी खात्यांना अधिकार द्या की प्रत्येक शिफारशीवर मंत्र्याने ठरलेल्या मुदतीत संसदेत उभं राहून उत्तर द्यायचं, हो तर कधीपर्यंत, नाही तर का नाही. सुटलेल्या प्रत्येकाला सहा महिन्यांनी घर, काम आणि भेटायला खराखुरा माणूस आहे का हे मोजा. आणि पोलिसातून राजीनामा देणाऱ्या प्रत्येकाला का सोडताय हे विचारा, पण त्याच्या वरिष्ठाने नाही, दलाबाहेरच्या कुणीतरी विचारायचं, आणि ती उत्तरं भरतीच्या आकड्याच्या शेजारीच छापायची, त्याच पानावर.