हवा ओढणारी टू-स्ट्रोक : तीन हात नाका ते वरसावे, दोन रविवारांत

गाडी ९८ सीसीची, रीड व्हॉल्व्ह (हवा-पेट्रोल फक्त आत येऊ देणारी पाकळ्यांची झडप) आणि इंजिनाला तेल देणारा ऑइल पंप असलेली जुनी मोटरसायकल. रस्ता तीन हात नाक्यावरून माजिवडा, कापूरबावडी, घोडबंदर रोडने गायमुख, पुढे घाट आणि वरसावे. ठाण्यात टू-स्ट्रोक जपणाऱ्यांना गाडीचा कस पाहायला हा रस्ता पुरेसा आहे, कारण आधी सिग्नल, मग मोकळा पट्टा आणि शेवटी चढ-उतार, असं सगळं एका तासात मिळतं. पहाटे सहाच्या आत निघावं. त्यानंतर कासारवडवलीपर्यंत गाडी नुसती तापत राहते आणि दोष इंजिनाचा की गर्दीचा, हे कळत नाही.

पहिल्या रविवारी थंड इंजिनावर स्लो, म्हणजे रेस न देता इंजिन फिरतं ती गती, व्यवस्थित लागला. कापूरबावडीच्या सिग्नलला मात्र रेस सोडल्यावर आवाज खाली यायला तीन-चार सेकंद लागले आणि मानपाड्याला तो खाली आलाच नाही. अशा वेळी बहुतेक जण स्लोचा स्क्रू सैल करून पुढे निघतात. तसं करू नका. इंजिन कार्ब्युरेटरला चुकवून कुठून तरी हवा ओढतंय, हे ते लक्षण आहे. रेस बंद असताना कार्ब्युरेटरमधून मोजकीच हवा जाते, त्यामुळे केसाएवढ्या फटीतून येणारी हवाही त्या मानाने मोठी ठरते. मिश्रण पातळ होतं, म्हणजे पेट्रोलच्या मानाने हवा जास्त होते, इंजिन चढं फिरतं आणि पिस्टन तापतो. मोठा मेन जेट (फुल रेसला पेट्रोल सोडणारी कार्ब्युरेटरमधली तोटी) टाकूनही हा दोष जात नाही. फुल रेसला गाडी पेट्रोल पिऊन धूर काढते, स्लोला मात्र मिश्रण पातळच राहतं.

पातलीपाड्याला सर्व्हिस रोडवर गाडी बाजूला घेऊन तपासणी केली, ती याच क्रमाने करावी. आधी हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहायचं. आवाज बदलला तर रेसची केबल ताणलेली आहे, हवेचा प्रश्नच नाही. मग कार्ब्युरेटरवरचा एअर स्क्रू, स्लोच्या मिश्रणातली हवा कमी-जास्त करणारा. तो पूर्ण बसवून दीड फेरा उघडला की साधारण मूळ जागा येते. तिथून आत-बाहेर फिरवून इंजिनाला काहीच फरक पडत नसेल, किंवा स्क्रू पूर्ण आत गेल्यावरच स्लो ताळ्यावर येत असेल, तर गळती नक्की. मग इंजिन चालू ठेवून बाटलीने पाण्याचा बारीक फवारा एकेका सांध्यावर मारायचा: क्लॅम्पची जागा, कार्ब्युरेटर इंजिनाला जोडणारा रबरी जॉइंट, रीड ब्लॉकचं (रीड बसवलेल्या ठोकळ्याचं) पॅकिंग, सिलिंडरच्या बुडाचं पॅकिंग. ज्या जागी आवाज क्षणभर खाली येतो, तिथे फट आहे. कार्ब क्लीनरने जास्त स्पष्ट कळतं, पण गरम सायलेन्सरशेजारी तो पेट घेऊ शकतो. रस्त्यावर पाणीच बरं.

फट सापडली ती रबरी जॉइंटच्या खालच्या बाजूला. वरून तो काळा, गुळगुळीत, नवा वाटावा असा होता. अंगठ्याने खालून वर दाबला तेव्हा कुठे दीड सेंटीमीटरची चीर ओठासारखी उघडली आणि आतलं राखाडी, कोरडं रबर दिसलं. थंड असताना ती मिटलेली राहते, गरम इंजिन हलू लागलं की उघडते. म्हणून जॉइंट नुसता बघू नये, वाकवून बघावा. ज्या जॉइंटला बूस्ट बॉटलची (जॉइंटला जोडलेल्या छोट्या बंद बाटलीची) नळी असते, तिथे नळीची दोन्ही टोकंही वाकवून पाहावीत.

घरी पोचण्यापुरता इलाज सायकलच्या ट्यूबचा. दोन सेंटीमीटर रुंद पट्टी ताणून पाच-सहा वेढे द्यायचे आणि टोकं तारेने आवळायची. इंजिनाची ओढच पट्टीला चिरेवर चिकटवून ठेवते. इलेक्ट्रिकची टेप लावू नका, पेट्रोलने तिचा गोंद सुटतो. एम-सीलही नको, ते कडक होतं आणि रबराबरोबर वाकत नाही.

पट्टीनंतर स्लो खाली आला. गायमुख चौपाटीजवळ, मागून गाड्या नाहीत हे पाहून, पन्नासच्या वेगात असताना क्लच दाबून चावी बंद केली आणि गाडी कडेला घेऊन प्लग काढला. चिनी मातीचा भाग कॉफीच्या रंगाचा हवा, तो पांढरट होता. म्हणजे दुसरीकडेही हवा येत होती. तिथूनच परत फिरलो, चाळीसच्या वेगात. घाटाचा हट्ट केला असता तर पिस्टन गेला असता. चढाला इंजिन आधीच तापतं आणि उताराला रेस बंद, इंजिन मात्र जोरात फिरतं. ऑइल पंप रेसच्या केबलला जोडलेला असल्याने तेव्हा तेलही कमीत कमी येतं.

आठवड्यात केलेली कामं. नवा जॉइंट, नवं पॅकिंग. रीड ब्लॉकचा चेहरा काचेवर ४०० नंबरचा पाणपेपर ठेवून आठाच्या आकड्यात घासला आणि सगळीकडे सारखी चमक आल्यावर थांबलो. जॉइंटचे ६ एमएमचे बोल्ट आडव्या-तिरक्या क्रमाने, थोडे थोडे करत आवळले. १० न्यूटन-मीटर पुरतात. जास्त आवळल्याने जॉइंटच्या कडा वाकतात आणि मधे फट पडते. सांध्याला जुनी शेलॅक (लाखेचं सीलंट) लावू नये. ती पेट्रोलमध्ये टिकायची, पण अल्कोहोलमध्ये विरघळते आणि आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. साधं सिलिकॉनही पेट्रोलने फुगतं आणि तुटलेला तुकडा रीडमध्ये अडकतो. पेट्रोल सहन करणारं सीलंट असेल तर पातळ हात, नाहीतर कोरडं पॅकिंगच बरं. इथेनॉलमुळे तोच जेट मुळातच थोडा पातळ चालतो, म्हणून पूर्वी खपून जाणारी गळती आता खपत नाही.

मग दाबाची चाचणी. बीपी तपासायच्या जुन्या यंत्राचा फुगा आणि डायल यासाठी अगदी योग्य, कारण डायल ३०० वर संपते आणि ३०० (मिलिमीटर पारा) म्हणजे सुमारे ०.४ बार. त्याहून जास्त दाबाने क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) दोन्ही बाजूंचे ऑइल सील जागचे हलू शकतात. सायलेन्सर काढून तिथे रबरी बूच, ऑइलच्या बारीक नळीला चिमटा, पिस्टन खाली. हवा कार्ब्युरेटरच्या बाजूने, जॉइंटच्या तोंडातूनच भरायची. प्लगच्या भोकातून भरली तर रीड बंद होतात आणि जॉइंटची तपासणीच होत नाही. ही चूक जाणकारही करतात. काटा मिनिटाला ५० च्या आत उतरला तर चालेल.

इथे तो ३०० वरून मिनिटात १८० वर आला. साबणाचं पाणी लावलं, पण एकाही सांध्यावर फेस आला नाही. डावं कव्हर काढल्यावर मॅग्नेटमागे (क्रँकच्या टोकावरच्या, वीज तयार करणाऱ्या चाकामागे) बारीक फेस येताना दिसला. मॅग्नेटच्या बाजूचा ऑइल सील गेला की फक्त हवा येते, धूर दिसत नाही, म्हणून तो शेवटी सापडतो. क्लचच्या बाजूचा गेला तर गिअर ऑइल कमी होतं आणि पांढरा धूर निघतो. दाब दिला असताना ऑइल भरायच्या भोकावर साबणाचा पडदा धरला की तो फुगतो.

मॅग्नेट पुलरनेच (ओढून काढायच्या हत्याराने) काढावा, हातोडीने क्रँक वाकते. नव्या सीलची स्प्रिंगची बाजू क्रँककेसकडे, ओठाला ग्रीसचं बोट. शाफ्टवर जुन्या सीलने चर पाडली असेल तर नवा सील एक मिलिमीटर अलीकडे बसवावा. शाफ्ट वर-खाली हलत असेल तर आधी बेअरिंग, नाहीतर सील महिनाभरही टिकणार नाही. यानंतर काटा पाच मिनिटांत ३०० वरून २८० वर आला.

पुढच्या रविवारी तोच रस्ता. मानपाड्याला रेस सोडताच आवाज खाली. गायमुखला प्लग तपकिरी. घाटात चढाला गिअर लवकर खाली घेतला, उताराला दर पाच-सात सेकंदांनी रेस हलकी उघडली, म्हणजे तेल येत राहतं. चेणा पुलानंतर वरसाव्यापर्यंत डावीकडे राहावं, कंटेनर वळताना अख्खा रस्ता घेतात.

सोबत ठेवा: १० चा टी पाना, प्लग पाना, स्क्रू ड्रायव्हर, ट्यूबची पट्टी, तार, पाण्याची फवारा बाटली. वाटेत कधी इंजिन आपोआप चढत गेलं आणि चावी बंद करूनही थांबेना, तर क्लच दाबून उभे राहू नका. वरचा गिअर टाका, दोन्ही ब्रेक धरा आणि क्लच सोडा, ते गुदमरून बंद पडतं. घरी आल्यावर इंजिन पूर्ण थंड झालं की जॉइंटचे बोल्ट पुन्हा एकदा तपासा. नवं पॅकिंग पहिल्या गरमीत दबतं आणि बोल्ट पाव फेरा तरी घेतातच.