चुलीपाशी देव, देवापाशी दुखणे

नेपल्सहून लोकल गाडीने पॉम्पेईला, ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या त्या प्राचीन रोमन शहरात, उतरलो तेव्हा मला एकच घर निवांत पाहायचे होते, ते वेत्ती नावाच्या श्रीमंत घरमालकांचे. अनेक वर्षे डागडुजीसाठी मिटलेले हे घर जानेवारी २०२३ मध्ये पुन्हा उघडले आहे. दारातच भलेमोठे लिंग दाखवलेल्या प्रियापस या सुफलतेच्या देवाचे चित्र आहे. ते पाहून काही पर्यटक हसतात, पण दृष्ट लागू नये म्हणून काढलेल्या त्या चित्रात मला तरी घरच्यांची काळजीच अधिक दिसली.

दिवाणखान्यांतील प्रसिद्ध चित्रे मी भराभर पाहून घेतली आणि नोकरांच्या वावराच्या लहान चौकात गेलो. तेथे छोट्या देवळाच्या दर्शनी भागासारखे देवघर भिंतीत बांधलेले आहे. मध्ये डोक्यावरून पदर घेतल्यासारखा टोगा, म्हणजे रोमन पुरुषांचे अंगाभोवती गुंडाळायचे वस्त्र, ओढलेला पुरुष उभा आहे. तो घरधन्याचा संरक्षक आत्मा, म्हणजे गेनियुस. त्याच्या दोन्ही बाजूंना शिंगाच्या आकाराचे प्याले उंचावून नाचणारे लार, म्हणजे घराचे रक्षक देव, आणि खाली तुरा व दाढी असलेला नाग वेदीवरच्या नैवेद्याकडे सरकतो आहे. त्या चौकाला लागूनच स्वयंपाकघर आहे आणि ओट्यावर काशाची भांडी अजून मांडलेली आहेत. शिजवणे आणि पूजणे यांत चार पावलांचेही अंतर नव्हते.

मात्र पॉम्पेईतील अनेक घरांत शौचकूपही स्वयंपाकघरातच किंवा त्याला लागून असे, कारण खरकटे आणि सांडपाणी टाकायला तो खड्डा सोयीचा पडे. रोमन शौचकूपांतील मातीत पोटातल्या जंतांची अंडी सापडली आहेत, यात मग आश्चर्य ते काय! ज्या कोपऱ्यात घराच्या खुशालीसाठी धूप जळे, त्याच कोपऱ्यातून दुखणीही निघत असणार.

अशा दुखण्यांवर वैद्यापेक्षा घरधन्याचाच उपाय आधी चाले. ज्येष्ठ केटो या रोमन मुत्सद्द्याने इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात लिहिलेल्या शेतीवरील ग्रंथात कोबीला जवळजवळ सर्वरोगहर ठरवले आहे. सांधा निखळला तर हिरवा बोरू मधोमध चिरून दोन माणसांनी तो कमरेपाशी धरावा आणि दोन्ही भाग जुळेपर्यंत मंत्र म्हणावा, असेही तो सांगतो. शेताभोवती डुक्कर, मेंढा आणि बैल फिरवून मार्स देवाला बळी देताना म्हणायची प्रार्थनाही त्याच ग्रंथात आहे; दिसणारे आणि न दिसणारे रोग दूर ठेव, असे तीत मागितले आहे. ‘न दिसणारे’ हा शब्द आठवत मी त्या नागासमोर बराच वेळ उभा राहिलो.

दुपारी ऊन चढल्यावर रस्त्याकडेच्या एका दगडी हौदावर बाटली भरून घेतली. पाण्यासाठी ओणवे होताना लोक जेथे हात टेकत, तेथे हौदाची कड झिजून गुळगुळीत खळगा झाला आहे. माझाही तळहात नकळत तेथेच टेकला.